उन्हाला कुलूप

नितेश राऊळच्या घरात भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. हा माणूस पोटासाठी लोकांच्या गच्च्यांवर सोलर पॅनेल बसवतो, असं नव्या पाहुण्याला सांगितलं की पाहुणा हमखास हसतो. नितेश हसत नाही. हा विनोद त्याने पुरेसा ऐकलाय. मी त्याच्याच डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहते आणि माझ्याही घरात ट्यूब लागते, तेव्हा मलाही त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

आम्ही सगळे आधी दहिसरला नदीच्या बाजूच्या एका बैठ्या चाळीत राहायचो. नितेशचे वडील धाकू, गिरणी बंद पडल्यावर बोरिवलीच्या एका गोदामावर रखवालदार म्हणून लागले आणि त्या नोकरीत असतानाच गेले. आई मालन, कुडाळकडची. राऊळांच्या दारापुढे ओटा होता आणि सकाळचं ऊन सरळ त्या ओट्यावर यायचं. मालनवहिनींचा निम्मा संसार तिथेच चालायचा. तांदूळ निवडणं, खोबरं वाळवणं, केस विंचरणं, आणि माझ्याशी भांडणंसुद्धा. भांडण संपलं की त्याच ओट्यावर चहा.

मग चाळ पाडून बिल्डिंग झाली. सात मजले, घरात संडास, लिफ्ट. तक्रार करायला आम्हाला तोंड नाही, चाळीत पावसाळ्यात नदी घरात यायची. पण ए आणि बी अशा दोन विंग बिल्डरने इतक्या चिकटवून उभ्या केल्या की समोरच्या बाईच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या ते मला मोजता येतं. खिडकीतून भिंत दिसते. ऊन बाहेर पडलंय की ढग आलेत, हे आम्हाला फोनवर बघून कळतं. त्यात लिफ्टचं बिल परवडेना, म्हणून दुपारभर लिफ्ट बंद ठेवायची असं सोसायटीने ठरवलं. म्हणजे दुपारी कोणी म्हातारं माणूस खाली उतरलं की संध्याकाळपर्यंत खालीच.

तीन-चार वर्षांत मालनवहिनींचे गुडघे गेले, मग कंबर, मग सगळंच अंग ठणकायला लागलं. नितेश त्यांना बोरिवलीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. रक्त तपासलं, आणि निघालं काय, तर अंगात उन्हाचं जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. गोळ्या दिल्या. गोळ्यांपेक्षा महत्त्वाचं, म्हणाल्या, रोज सकाळी थोडा वेळ उन्हात बसा.

"डॉक्टराक काय जाता सांगूक," घरी येऊन मालनवहिनी मला म्हणाल्या. "ऊन काय दुकानात मेळता?"

नितेशने प्रयत्न केले, नाही असं नाही. आधी खाली कंपाउंडमध्ये खुर्ची टाकली. तिथे ऊन येतं ते दोन विंगच्या मधून एका पट्टीएवढं, आणि त्या पट्टीवर मोटरसायकली उभ्या असतात. वॉचमन दर थोड्या वेळाने खुर्ची सरकवायला सांगायचा. मग गेटाबाहेर रस्त्याच्या कडेला बसवलं. जाणारा-येणारा विचारायचा, आजी, कुणाची वाट बघताय? एका भल्या माणसाने त्यांच्या मांडीवर दोन केळी ठेवली आणि नमस्कार करून निघून गेला. त्या दिवशी मालनवहिनी दुपारचा जिना चढून घरी आल्या. मधल्या पायऱ्यांवर त्या कितीदा बसल्या ते त्यांनाच माहीत.

"माका काय भिकारीण समाजलास?" त्या नितेशवर कडाडल्या. "गेटार बसान लोकांची तोंडा बघूची? मराक व्हया झाला तरी आता मी भायर बसूचंय नाय."

राहिली गच्ची. आमच्या गच्चीवर ऊन आहे, भरपूर आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत आहे. पण गच्चीला कुलूप आहे. मुंबईत राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. सुरुवातीला ती उघडीच होती. मग कोणी वर बाटल्या घेऊन बसायला लागलं, कोणी बोंबील वाळत घातले आणि वास सातव्या मजल्यावर उतरला. शेवटी संक्रांतीला एक पोरगं पतंगाच्या मागे कठड्यावर चढलं. त्याला पाठीमागून शर्ट धरून ओढलं ते आमच्या चेअरमनने, राजारामने. तो दिवस आणि आजचा दिवस, चावी राजारामच्या घरात, देव्हाऱ्यात, गणपतीच्या फोटोमागे. तिथे हात घालायची कोणाची छाती होत नाही.

राजाराम वाईट माणूस नाही. सगळा जन्म एका कारखान्यात टाइमकीपर होता, एवढंच. एक मिनिट उशीर म्हणजे उशीर, मग माणूस कोणीही असो. नितेश चावी मागायला गेला तेव्हा त्याने त्याला बसवलं, चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं.

"आज तुझी आई, उद्या बी विंगमधल्या चार आया. मग त्यांच्यामागून नातवंडं. एकदा उघडलं की उघडलं. पोरगं लोंबकळत होतं तेव्हा तू नव्हतास रे, मी होतो."

नितेश चहा संपवून परत आला. मला राजारामचा राग आला, आणि त्याचं म्हणणं खोडून काढता येत नाही म्हणून जास्तच आला.

इथे नितेशच्या धंद्याविषयी सांगायला हवं. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, जिथे बोलावतील तिथे जाऊन तो गच्ची बघतो, सावली कुठून कुठे सरकते ते बघतो आणि पॅनेल बसवायचं की नाही ते सांगतो. बसवू नका असंही सांगतो. शेजारी टॉवर उठणार असेल तर स्पष्ट म्हणतो, साहेब, दोन वर्षांनी तुमचं ऊन जाणार आहे, पैसे घालू नका. अशाने त्याची कामं जातात. त्याची बायको अक्षता यावरून त्याला बोलते. पण सोलरच्या बाबतीत तो थापा मारत नाही अशी त्याची ख्याती आहे, आणि तिच्यावरच त्याचं चाललंय.

एका रविवारी तो माझा पंख्याचा रेग्युलेटर बदलायला आला होता. स्टुलावर उभा असताना म्हणाला, "काकी, मी एक ठरवलंय. आपल्या बिल्डिंगवर सोलर बसवतो."

"लोकांना पटेल?"

"लिफ्टसाठी पटेल. आणि एकदा पॅनेल बसलं ना, की गच्चीवर येणं-जाणं आलंच. कुलूप आपोआप सुटेल." तो खाली उतरला. "आईला सांगू नकोस हां. उगाच आशेला लागायची."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो दोन वाक्यांत बोलला. आपल्या गच्चीवर ऊन फुकट जातंय, खाली लिफ्ट बंद पडून आहे. राजाराम वर्तमानपत्र वाचणारा माणूस. त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"ते सगळं ठीक. मला एक सांग. उद्या आख्खी मुंबई सूर्यावर चालणार, असं पेपरात येतं. खरं का ते?"

दुसरा कोणी विक्रेता असता तर हो म्हणून मोकळा झाला असता.

"आपल्या गच्च्यांवर नाही चालणार काका," नितेश म्हणाला. "गच्ची एक, आणि तिच्याखाली घरं किती बघा. सगळ्यांचे फ्रीज, गीझर, एसी ती कुठून ओढणार? मोठी वीज मोकळ्या माळावर होते. तिकडे मैलोन्‌मैल पॅनेलं लावतात, तिथून ती तारेने इथे येते. ती वाढतेय. दिवसाची बरीचशी वीज उद्या सूर्याचीच असेल. पण रात्रीचं काय, पावसाळ्याचं काय? त्यासाठी साठवून ठेवावी लागेल, आणि ते अजून महाग पडतं. होईल हळूहळू. मी म्हणतो म्हणून उद्या नाही होणार."

"म्हणजे अर्धवटच काम," राजाराम म्हणाला.

"अर्धवट म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे. तेवढं आपली गच्ची आरामात ओढेल. दुपारची लिफ्ट चालू."

दुपारची लिफ्ट चालू, या तीन शब्दांवर ठराव पास झाला. सूर्य देशाचा भार उचलणार की नाही याची चिंता तिथे कोणालाच नव्हती. प्रत्येकाला आपापली भाजीची पिशवी वर कशी जाईल एवढंच पडलं होतं, आणि माझ्या मते ते योग्यच होतं. पैशांची जुळवाजुळव कशी झाली ते मी सांगत बसत नाही, फार कंटाळवाणं आहे.

जानेवारीत काम सुरू झालं. राजारामने गणपतीच्या फोटोमागून चावी काढली आणि गच्चीचं दार दिवसभर उघडं राहिलं. दुसऱ्याच दिवशी मालनवहिनी वर गेल्या. सातव्या मजल्यापर्यंत लिफ्ट, पुढचा एक जिना कठड्याला धरून. कामगार लोखंडी सांगाडे जोडत होते. मालनवहिनी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर पाठ उन्हाकडे करून बसल्या. मी गेले तेव्हा पदर खांद्यावरून खाली घेतलेला, डोळे मिटलेले. मला वाटलं झोप लागली.

"नीला, बस गो," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "पाटीत कसा भिनता बघ."

काम चाललं होतं तितके दिवस त्या रोज वर होत्या. कामगारांना त्यांनी कोकम सरबत पाजलं, कुठले कोण ते विचारून घेतलं, आणि तारा इकडे-तिकडे पडल्यात म्हणून दटावलं. दुपारची लिफ्ट बंद व्हायच्या आत खाली उतरायच्या तेव्हा त्यांचा चेहरा तापलेला असायचा. चाळ गेल्यापासून त्यांना असं खुशीत मी पाहिलं नव्हतं, आणि मला बरं वाटलं हे सांगायला लाज कसली?

पॅनेलं बसली. वीज सुरू करायच्या दिवशी राजारामने नारळ फोडला, यंत्राच्या पेटीला हार घातला आणि उत्साहाच्या भरात पहिल्या पॅनेलच्या काचेवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. नितेशने दोन मिनिटं जाऊ दिली आणि मग रुमालाने ते हळूच पुसलं. मालनवहिनी पेढ्यांचं ताट घेऊन फिरत होत्या. सगळे जमलेत म्हणून राजाराम म्हणाला, नितेश, दोन शब्द सांग, काय काळजी घ्यायची ती.

हे दोन शब्द नितेशला पाठ आहेत. काम संपलं की प्रत्येक बिल्डिंगमध्ये तो तेच बोलतो. कंपनीने शिकवलेलं, वर्षानुवर्षं घोटलेलं. त्याने हात मागे बांधले आणि सुरू केलं. पॅनेल काचेचं आहे. त्यावर काही ठेवायचं नाही, वाळवण घालायचं नाही. तारांमधून जोरदार करंट असतो. म्हणून गच्चीला कायम कुलूप. चावी एकाच जबाबदार माणसाकडे. कामाशिवाय कोणी वर यायचं नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं तर अजिबात नकोत, पाइपात पाय अडकतो.

शेवटच्या वाक्याच्या मधेच त्याची नजर ताट धरलेल्या आईवर गेली. मी बघत होते. त्याचं तोंड तेवढ्यापुरतं थांबलं, आणि मग वाक्य पुरं झालं, कारण ते नेहमी पुरं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजारामने सगळ्यात जोरात वाजवल्या. इतकी वर्षं तो एकटा जे सांगत होता ते आज जाणत्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. संध्याकाळी तो नवीन कुलूप घेऊन आला, जुन्यापेक्षा मोठं.

मालनवहिनींनी उरलेले पेढे वाटले आणि त्या खाली गेल्या.  

दुसऱ्या दिवशी तो राजारामकडे गेला. मी तिथेच चहा पीत बसले होते.

"काका, ते कालचं मी आपलं असंच बोललो. सवयीने."

"असंच?" राजाराम म्हणाला. "मग ती पॅनेलं पण असंच बसवलीस काय?"

"तसं नाही. आई शहाणी आहे, ती कशाला हात लावणार नाही."

"अरे, मी म्हटलं असतं तर तू भांडला असतास. आता तूच म्हणालास, म्हातारी माणसं अजिबात नकोत. सगळ्यांनी ऐकलंय. तुझ्या आईला सोडली तर बी विंगवाले मला विचारतील, की मग त्या सोलरवाल्याचं खरं काय नि खोटं काय?"

नितेश उठला. दारात त्याने चपला घालायला फार वेळ लावला. आपला शब्द खरा असतो एवढंच त्याचं भांडवल, आणि आता त्याच शब्दाने आईला घरात बसवलं होतं. दुपारची लिफ्ट मात्र झकास चालू झाली. लोक भेटतील तिथे त्याची पाठ थोपटायचे. मालनवहिनी ट्यूबखाली बसून त्या लिफ्टचं दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज ऐकायच्या.

पुढचं घडलं ते धुळीमुळे. नाक्याकडे रस्ता खणलेला, शेजारी दोन इमारती पाडलेल्या. पॅनेलांवर राखाडी थर बसला आणि वीज कमी व्हायला लागली. राजारामला नितेशने फोनवर रोजची वीज बघायला शिकवलं होतं. तो आता ती दिवसातून दहादा बघायचा आणि आकडा उतरला की त्याचा चेहरा उतरायचा. वॉचमनला पॅनेलं धुवायला सांगितलं तर तो म्हणाला, माझं काम गेटचं. राजाराम स्वतः वर गेला आणि कंबर धरून खाली आला. कंपनीची माणसं महिन्यातून एकदा येणार, आणि धूळ रोज येणार.

त्या संध्याकाळी मालनवहिनी त्याच्या दारात उभ्या राहिल्या. राजारामची बायको रश्मी आणि मी शेंगा सोलत होतो.

"भावजी, काचा मी धुतंय," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुमचे गुडघे..."

"गुडघे दुखतत. हात बरे आसत. लांब दांड्याचो पोचो नि पाण्याचो पाइप द्या. कामाशिवाय वर जावचा नाय ना? मगे ह्या काम."

राजारामने फोन हातात घेतला. नियम त्याला तोंडपाठ होता आणि ही बाई नियमातूनच चालत आली होती. म्हातारी माणसं नकोत हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं असावं. पण फोनवर आकडा आणखी उतरला होता. तो देव्हाऱ्याकडे गेला.

नितेशने आईला सगळं दाखवलं. कुठे हात लावायचा नाही, पोचा कसा फिरवायचा, पाय कुठे टाकायचा. आणि एक गोष्ट बजावून सांगितली. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकते, म्हणून ऊन चढायच्या आधी धुवायचं. म्हणजे उन्हासाठी वर जाणाऱ्या बाईने ऊन यायच्या आत काम आटपून खाली यायचं. हे सांगताना तो आईकडे बघत नव्हता. मालनवहिनी फक्त बरं म्हणाल्या.

पहिल्या दिवशी त्या उजाडायला वर गेल्या. धुवायला लागणारा वेळ होऊन गेला, चांगलं ऊन पडलं, तरी खाली आल्या नाहीत. राजाराम खाली लिफ्टपाशी येरझारा घालायला लागला. मी दुधाची पिशवी घेऊन तिथेच उभी होते. शेवटी लिफ्टचं दार उघडलं आणि मालनवहिनी पोचा आणि चावी घेऊन बाहेर आल्या. बाह्या ओल्या, चेहरा तापलेला.

"एवढा वेळ, वहिनी?"

"काच वाळापर्यंत थांबलंय. वली सोडून कशी येव? परत धूळ बसात, नि थर पडाक येळ लागूचो नाय."

राजारामच्या कपाळावर आठी पडली. तेवढ्यात नितेश हेल्मेट घेऊन जिन्याने खाली आला. राजारामने त्याला अडवलं.

"काय रे, वहिनींना विचारून काय उपयोग, तू सांग. धुतल्यावर काच वाळेपर्यंत माणसाने वर थांबावं लागतं?"

काच आपली आपण वाळते. पाच-दहा मिनिटांत वाळते. जवळ माणूस बसला काय नि नाही काय, तिला फरक पडत नाही. हे मला नितेशनेच नंतर सांगितलं. तेव्हा तो हेल्मेटचा पट्टा चाचपत उभा होता. आई त्याच्याकडे बघत नव्हती, ती पोचा पिळत होती.

"थांबावं लागतं काका," तो म्हणाला. "तासभर तरी."

"तासभर?"

"थंडीत जास्त."

राजारामने मान हलवली. सोलरच्या बाबतीत नितेश खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हापासून मालनवहिनी वर जातात. आधी आठवड्यातून एकदा जायच्या, मग धूळ फार म्हणून दोनदा, आता जवळजवळ रोज. आमच्याइतकी लखलखीत पॅनेलं दहिसरमध्ये दुसरीकडे नसतील. त्यांचे गुडघे बरे झाले असं मी म्हणणार नाही, तेवढं उन्हाच्या बापालाही जमत नाही. पण रक्ताचा रिपोर्ट सुधारला, आणि परवा त्या माझ्याशी चाळीतल्यासारख्या कडाक्याने भांडल्या. अलीकडे राजारामही देखरेख म्हणून वर्तमानपत्र घेऊन वर जातो. त्याच्या कंबरेला बरं वाटतं असं रश्मी म्हणते.

गेल्या महिन्यात मी मुलुंडला माझ्या मैत्रिणीकडे, शुभाकडे गेले होते. तिचा नवरा विद्याधर मोठ्या आजारातून उठल्यापासून वर्षभर खोलीतून बाहेर पडला नव्हता. त्यांच्याही सोसायटीच्या गच्चीला कुलूप, आणि आता तिथे सोलर. त्या दिवशी विद्याधर घरात दिसेना. वर आहेत, चहाला बोलाव जरा, असं शुभा म्हणाली, म्हणून मी गच्चीवर गेले. दार उघडं होतं. पॅनेलांच्या दोन ओळींच्या मधे प्लास्टिकच्या खुर्चीत तो बसला होता. बाह्या वर केलेल्या, तोंड उन्हाकडे, डोळे मिटलेले.

"काय करताय?" मी विचारलं.

"काच वाळतेय," तो डोळे न उघडता म्हणाला. "सोलरवाल्याचा नियम आहे. धुऊन झालं की घरातल्या एका वयस्कर माणसाने वर थांबायचं. राऊळ म्हणून पोरगा आहे, फार काटेकोर."

मी काचेला हात लावला. ती केव्हाच वाळली होती. मी खाली आले आणि शुभाला सांगितलं, अजून वेळ लागेल.